भोपळ्याची बोली

५ जुलै १९६४, रविवार

ही वही पाळकसाहेबांनी दिली. म्हणाले, "अप्पा, शांताबाई रडतात तरी. तुम्ही बोलतही नाही. निदान लिहा." मिलच्या टाइम ऑफिसात मी आजवर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत आलो. त्यापलीकडे लिहिण्याची सवय नाही. पण पुढच्या रविवारी ते विचारतील, म्हणून लिहितो.

शाम गेल्या महिन्यात गेला. सांवेर रोडवर भाड्याची शेड घेऊन त्याने जुना लेथ लावला होता. बुश, पिना कातून मिलांना द्यायचा. कातताना लोखंडाची कपची तळहातात शिरली. घरी आला तेव्हा चिंधी बांधलेली होती. मी विचारले तर म्हणाला, "काही नाही बाबा, जरा सा लगा है." मीही पुढे विचारले नाही. आठवड्याने जबडा आवळला. धनुर्वात होता. चोविसावे चालू होते.

दवाखान्यात नानासाहेब ओहोळ सारा वेळ त्याच्या पायथ्याशी बसून होते. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार जे पाच निवडलेले वडील पाहतात त्यांतले ते एक. मिलांना सुटे भाग पुरवायचे कंत्राट त्यांच्याकडे आहे. लेथसाठी शामला पैसे त्यांनीच दिले होते. कागद केला नाही. एका मंडळीत कागद करण्याची पद्धत नाही.

माती झाली आणि कबरस्तानाच्या फाटकाशी त्यांनी मला बाजूला घेतले. "अप्पा, शुद्धीत होता तोवर शाम माझ्याबद्दल काही बोलला का?"

माझ्या हाताची माती अजून झटकलेली नव्हती. मी म्हटले, "तुमचे अठराशे बुडणार नाहीत. दर पगाराला पन्नास आणून देईन."

"अहो, ते नाही हो," असे काहीतरी म्हणत होते. मी चालू लागलो.

११ जुलै, शनिवार

काल पगार झाला. पन्नास रुपये नानासाहेबांच्या घरी नेऊन दिले. घेत नव्हते. टेबलावर ठेवून आलो. त्यांच्या घरात मला बसवेना.

आज मिल सुटल्यावर शेडवर गेलो. पावसाळी हवेत लेथ गंजतो. चकवर आणि बेडवर तेल फिरवले, फडक्याने पुसले. खाली कातलेल्या लोखंडाचा चुरा पडलेला होता, तो झाडला नाही. शेजारच्या शेडमधला वेल्डर नथू दारात येऊन उभा राहिला. "चाचाजी, चलाना है क्या?" म्हणाला. मी म्हटले, नाही, फक्त पुसतो आहे.

घरी शांताने विचारले, "शेडचं भाडं कशाला भरायचं आता? विकून टाका ना. कर्ज एका दिवसात फिटेल." लेथचा भाव सध्या पडलेला आहे, हे तिला समजावून सांगितले. तिने कुणाकडून आला भाव, असे विचारले. 

३० जुलै, गुरुवार

रविवारी प्रभूभोजन आहे. त्याआधी वडिलांपैकी एक जण घरोघर येऊन विचारतो, कोणाविषयी मनात अढी आहे का, कोणाशी तंटा आहे का. असेल तर आधी मिटवायचे, मग भाकर आणि प्याला घ्यायचा. आमच्या गल्लीकडे नेहमी नानासाहेबच येतात. या वेळी तरी दुसऱ्याला पाठवतील असे वाटले होते. तेच आले.

खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. मंजिरीने चहा आणला. तिला म्हणाले, "काय ग पोरी, नर्सिंगचं पक्कं ना? शाम सांगायचा, बहीण सिस्टर होणार म्हणून." मंजिरीने माझ्याकडे पाहिले आणि आत गेली.

मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारले. "अप्पा, कोणाविषयी मनात काही आहे?"

"नाही."

"माझ्याविषयी?"

"तुमचे देणे मी फेडतो आहे. मनात असायचे काय कारण?"

त्यांनी चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही मला विचारा ना एकदा. आम्ही सगळ्यांना विचारत फिरतो, आम्हाला कोणी विचारत नाही."

मी म्हटले, "वडिलांना विचारायची पद्धत नाही."

ते गेल्यावर शांता म्हणाली, "अर्धा कप तसाच ठेवून गेले. काही बोलायचं होतं त्यांना." मला दुसराच विचार आला. पन्नासाऐवजी शंभर मागायचे असतील, संकोच झाला असेल.

२ ऑगस्ट, रविवार

भाकरीची थाळी घेऊन नानासाहेब आमच्या बाकापाशी आले. मी ती शांताकडे सरकवली. मनात अढी ठेवून घेतले तर ते आपल्याच अंगावर येते, असे लहानपणापासून ऐकले आहे. ते एक कारण. खरे कारण असे की त्यांच्या हातून घ्यायचे नव्हते. प्यालाही तसाच पुढे दिला. साऱ्या बाकाने पाहिले.

बाहेर गयाबाईंनी गाठले. आयुष्यभर मिशनसाठी खेड्यापाड्यांत शास्त्र शिकवत फिरल्या. आता दात नाहीत, पण जीभ आहे. म्हणाल्या, "काय रे अप्पा, प्रभूशी पण कट्टी?"

"तब्येत बरी नव्हती."

"तब्येत नसेल तर डॉक्टरकडे जा. देवळात तोंड पाडून बसू नको, मागचे लोक घाबरतात."

१० सप्टेंबर, गुरुवार

पन्नास दिले. तिसरे.

पाळकसाहेब म्हणतात, ओझे प्रभूवर टाका. मी रोज पहाटे प्रार्थना करतो. गुडघे टेकले की पहिल्यांदा पन्नास रुपये आठवतात, मग शेडचे भाडे, मग शाम. या क्रमाने. हा क्रम बरोबर नाही हे कळते. पण पैशापासून सुरुवात केली की प्रार्थना करता येते. शामपासून केली की करता येत नाही.

उपासनेत सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. ऋण सोडण्याचे वाक्य आले की मी गप्प राहतो. आम्ही आपल्या ऋण्यांना सोडले तसे आम्हालाही सोड, असा त्याचा अर्थ. माझा ऋणी कोणी नाही. मला सोडायला काही नाही. मग ते वाक्य माझ्यासाठी नाही, असे मी धरून चालतो.

१९ सप्टेंबर, शनिवार

हातोदहून जयसिंगराव नावाचे गृहस्थ आले. त्यांचा जिनिंगचा कारखाना आहे. नथूने त्यांना लेथविषयी सांगितले होते. मोठे बोलके. आजोबा होळकरांच्या फौजेत होते हे पहिल्या वाक्यात सांगितले आणि किंमत दुसऱ्या वाक्यात.

"देखो अप्पाजी, बावीसशे. एक पैसा कम नाही, एक पैसा ज्यादा नाही. मशीन चांगली ठेवली आहे तुम्ही. तेल रोज लावता का?"

"शनिवारी."

"मग अजून काय पाहिजे? उद्या ट्रक पाठवतो."

मी सांगितले, विचार करून कळवतो. ते हसले. "विचार तर विकत घेणाऱ्याने करायचा असतो भिया, तुम्ही तर नुसते पैसे मोजायचे."

घरी मी काही बोललो नाही. पण नथूने मंजिरीला रस्त्यात सांगितले होते. जेवताना शांता म्हणाली, "बावीसशे देत होते म्हणे."

"शामने तीन वर्षे चालवली असती तर त्याच्या दुप्पट कमावले असते."

"शाम नाही चालवणार आता."

तिने हे इतक्या साध्या आवाजात म्हटले की मला राग आला. मी ताटावरून उठलो. जवान मुलगी घरात असताना असे उठायला नको होते. पण मला कळत नाही की सगळ्यांना त्या लेथची एवढी घाई का आहे. उभा आहे तो बिचारा एका जागी. कोणाचे काय खातो.

३ ऑक्टोबर, शनिवार

आज शेडवर एक गोष्ट समजली.

तेल लावत होतो. नथू विडी ओढत बसला होता. सहज म्हणाला, "चाचाजी, हाथ में लगा था उस शनिवार को शामभाई ने बोला था, हाथ में बहुत दर्द है, आज बंद करता हूँ. मी म्हटलं, चल, सरकारी दवाखान्यात सुई लावून घेऊ. माझी सायकल बाहेरच होती. पर ओहोळसाब की गाडी खडी थी. बोले, सोमवार को मिल में माल देना है, आज पूरा कर दे, फिर जा. रात तक बैठा बेचारा."

मी विचारले, "माल पूर्ण झाला?"

"पूरा. पेटी भर के ले गए."

"त्याचे पैसे दिले?"

नथूने विडी विझवली. म्हणाला, "पैसे का तो मुझे नहीं मालूम, चाचाजी."

म्हणजे एक अख्खी पेटी माल नानासाहेबांनी नेला आणि त्याचे पैसे कर्जातून वळते केले की नाही याचा पत्ता नाही. अठराशे म्हणून मी मानून चाललो, कारण शामने मला अठराशे सांगितले होते. ते त्या मालाच्या आधीचे. इतके दिवस माणूस माझ्या तोंडाकडे पाहत पन्नास पन्नास घेतो आहे आणि एक शब्द काढत नाही. वर विचारतो, शाम माझ्याबद्दल काही बोलला का. आता कळले कशासाठी विचारत होता.

५ ऑक्टोबर, सोमवार

मिलमधून परस्पर नानासाहेबांकडे गेलो. ओसरीवर ते कोणा मजूर बाईकडून गहू चाळून घेत होते. तिला आत पाठवले.

मी म्हटले, "शामने शेवटच्या शनिवारी तुम्हाला एक पेटी माल करून दिला. मला नथूने सांगितले."

नानासाहेब उभे होते ते भिंतीला हात लावून खाली बसले. म्हणाले, "नथूने... काय सांगितलं?"

"सगळे सांगितले. तुम्ही गाडी घेऊन उभे होता, तेही."

"अप्पा, मला वाटलं नव्हतं हो. एवढीशी चीर. मी म्हटलं, दोन तासांचं काम आहे..."

"दोन तासांचे असो की दोन दिवसांचे. त्या मालाचे पैसे कर्जातून कापलेत की नाही, एवढे सांगा."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले जसे मी परक्या भाषेत बोललो. मग डोळे पुसायला लागले. इतका मोठा माणूस, शंभर रुपयांच्या गोष्टीवर पकडला गेला तर रडतो. मला किळस आली. मी म्हटले, राहू द्या, हिशोब तुमच्यापाशी ठेवा, मी पूर्ण अठराशे देणार. उठून आलो.

परतताना बराच हलका होतो. मला वाटते सहा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

(सहा महिने नाही. शामला जाऊन तेवढे झालेले नाहीत. तसे वाटतात.)

२१ ऑक्टोबर, बुधवार

मंजिरीला नर्सिंगला जागा मिळाली. जानेवारीत जायचे. डिपॉझिट, दोन गणवेश, बूट, पुस्तके मिळून अडीचशेच्या आसपास, आणि डिपॉझिट नोव्हेंबरअखेर भरले पाहिजे, नाहीतर जागा दुसरीला. तिने ते उभ्या उभ्या सांगितले, जसे मिलमध्ये कामगार रजा मागतो.

मी म्हटले, "पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी वय बसेल, पण जागा नाही मिळणार बाबा. यंदा शाळेतल्या मॅडमनी माझ्यासाठी शब्द टाकला."

"भावाचे देणे आधी. तो असता तर त्याने हेच म्हटले असते."

"तो असता तर म्हणाला असता, लेथ विक आणि जा." आणि मग, "त्याला त्या मशीनचा कंटाळा आला होता. तुम्हाला नाही सांगायचा. मला सांगायचा."

मी तिला आत जायला सांगितले. माणूस गेला की त्याच्या तोंडी कोणीही काहीही घालतो.

८ नोव्हेंबर, रविवार

आज कापणीचा सण होता. जे झाले ते क्रमाने लिहितो.

वेदीपुढचे टेबल नेहमीसारखे भरलेले. ज्वारीची ताटे, मक्याची कणसे, पेरू, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कोणी भरतकाम केलेली उशी, एक मोठा भोपळा. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. दोन आण्यांचे लिंबू लोक दोन रुपयांना घेतात. ती देवासाठी बोली असते. बोललेली रक्कम नाताळाआधी खजिनदाराकडे भरायची, असा शिरस्ता आहे.

लिलावाआधी पाळकसाहेबांनी विचारले, कोणाला साक्ष द्यायची, प्रभूने काय केले ते सांगायचे आहे का. नानासाहेब उठले. पुढे जाऊन टेबलाला धरून उभे राहिले. म्हणाले, "शाम भिंगारदिवे माझ्याकडून पैसे घेऊन गेला होता, हे पुष्कळांना माहीत आहे. आज मी प्रभूसमोर सांगतो, त्याच्याकडे माझं काही नाही. अप्पांकडे काही नाही. उलट..." आणि थांबले. मधेच थांबायची त्यांना सवय आहे, लोक अधिक लक्ष देतात. "उलट मीच..." म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. बायका डोळे पुसू लागल्या. पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना केली. मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सबंध मंडळीसमोर. माझ्या मुलाचे नाव घेऊन. पैसे खाल्ले म्हणून पकडला गेला, तर त्याचेच दान करून मोकळा झाला. आता जन्मभर मी या देवळात शिरलो की लोक म्हणणार, हा तो, ज्याला नानासाहेबांनी सोडला. शामने कातून, घासून जे उभे केले, ते आता नानासाहेबांच्या दयेचे झाले.

लिलाव धोंडिबा साळवे पुकारतात. मजेदार माणूस. "हे गयाबाईंचं लोणचं. मागच्या वर्षीचंही अजून टिकून आहे, गयाबाईंसारखंच. बोला."

गयाबाई बाकावरून म्हणाल्या, "तुला पुरून मग खाणार आहे मी ते. लाव बोली."

सगळे हसले. शांताही हसली, मला दिसले. लोणचे गेले, उशी गेली, कोंबड्या गेल्या. मग धोंडिबांनी भोपळा उचलला. पाच रुपये, कोणी सात म्हटले, कोणी आठ.

मी म्हटले, "सोळाशे."

मी ठरवून म्हटले नाही. पण तोंडातून आकडा बरोबर तोच आला, चार पन्नास वजा जाता जेवढे राहिले होते तेवढाच.

धोंडिबा म्हणाले, "अप्पा, बसा खाली. उपाशीपोटी आलात वाटतं."

"बोली लागली आहे. पुकारा."

त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिले. मग हळूच एक, दोन, तीन म्हटले. क्षणभर कोणी हलले नाही, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. कोणी तरी गाणे उचलले. लोकांना वाटले, ऋणातून सुटलेला माणूस प्रभूला तेवढेच परत देतो आहे.  मी त्यांना सांगणार कसे, की मी परत दिले नाही, परत घेतले आहे. आता हे देणे माझे आहे. नानासाहेबांना ते सोडता येणार नाही.

त्यांनी एकट्यांनी टाळी वाजवली नाही. माझ्याकडे पाहत होते, जसे लहान मूल हातातून काहीतरी काढून घेतल्यावर पाहते. त्या वेळी मला फार बरे वाटले, हे खोटे कशाला लिहू.

शांताने मंजिरीचे मनगट धरून ठेवले होते. बाहेर येईपर्यंत सोडले नाही. भोपळा मीच उचलून घरी आणला. परदेशीपुऱ्यापर्यंत पायी. जड होता.

९ नोव्हेंबर, सोमवार

भोपळा चुलीजवळ आहे. शांता त्याला हात लावत नाही.

संध्याकाळी गयाबाई आल्या. त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "आत सोनं आहे का रे? नाही म्हणजे, चिरताना मला बोलाव." मग मंजिरी आत गेली तसा आवाज बदलला. "अप्पा, मी पन्नास वर्षं लोकांना प्रभूला काय द्यायचं ते शिकवलं. दुसऱ्याच्या नाकावर टिच्चून द्यायचं कुणाला शिकवलं नव्हतं."

त्यांच्यामागून पाळकसाहेब आले. त्यांना आता कळले होते बहुतेक, शांताने सांगितले असेल. म्हणाले, "बोली कमी करून घेता येते. मी मंडळीला समजावीन. पोरीची फी आहे ना?"

मी म्हटले, "देवाला बोललेले मागे घेतात का?"

ते म्हणाले, "देवाला बोललात का, हे तुम्हीच पाहा." ते गरीब स्वभावाचे आहेत, पुढे बोलले नाहीत.

मिलच्या सोसायटीतून कर्ज काढता येईल. चौकशी केली.

१४ नोव्हेंबर, शनिवार

शेडवर गेलो. कुलूप नव्हते.

लेथ नाही. जमिनीत चार बोल्ट उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये चौकोनी जागा कोरडी आहे. झाडू मारून ठेवलेला. लोखंडाचा चुरासुद्धा भरून नेला होता. तेलाचा डबा माझ्या हातात होता, तो कुठे ठेवावा कळेना.

नथू म्हणाला, "भाभीजी आई थीं सुबह, मंजिरी के साथ. जयसिंगरावजी का ट्रक था. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटले, माहीत होते.

घरी आलो तर शांता तांदूळ निवडत होती. वर पाहिले नाही. म्हणाली, "एकवीसशे दिले. शंभर कमी, तुम्ही आधी थांबवलं म्हणून. सोळाशे खजिनदाराला द्या, तुम्ही बोललात ना. अडीचशे मंजिरीचे, ते आणि उरलेले मी कपाटात ठेवलेत, किल्ली माझ्याकडे आहे."

"मला विचारायचे होते."

"विचारलं होतं. जुलैत विचारलं, सप्टेंबरात विचारलं." मग सूप खाली ठेवले. "अप्पा, तो माझाही मुलगा होता. तुम्ही दर शनिवारी तिथे जायचात. मी कुठे जायची?"

 ती कधी म्हणाली नाही की तिलाही यायचे आहे. म्हणाली असती तर मी नेले असते का, ते मला सांगता येत नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार

मंजिरीने डिपॉझिट भरले. पावती मला दाखवली नाही, आईला दाखवली.

मिल सुटल्यावर पाय सांवेर रोडकडे वळले. पुलापर्यंत जाऊन परत आलो.

प्रभूभोजनाआधीच्या भेटीला या वेळी दुसरे वडील आले, नानासाहेब नाहीत. त्यांनी विचारले, कोणाविषयी मनात काही आहे का. मी म्हटले, आता काही राहिले नाही.

६ डिसेंबर, रविवार

उपासनेआधी सोळाशे रुपये खजिनदाराला दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि दोनदा माझ्याकडे पाहिले.

मग थाळी आली. नानासाहेबांच्या हातात होती.  या वेळी मी घेतले. प्यालाही घेतला. ऋणाचे वाक्यही सगळ्यांबरोबर म्हटले. आता म्हणायला हरकत नव्हती, कारण कोणाचे काही लागत नव्हतो. चव नेहमीचीच होती. काहीतरी वेगळे वाटेल अशी अपेक्षा होती, तसे झाले नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्यांना मीच गाठले. इतके दिवस मनात घोळवलेले वाक्य होते, ते म्हटले. "नानासाहेब, पैसे भरले. आता तुमचे आमचे देणेघेणे संपले."

"तुमचं संपलं असेल, अप्पा. माझं नाही संपलं. त्या शनिवारी शाम म्हणत होता..."

"तुम्ही सोडले ना, सगळ्यांसमोर? मग तो विषय आता काढायचा नाही."

"मला एकदा बोलू द्या. फक्त ऐकून घ्या."

"काही गरज नाही. मी मागे काही ठेवलेले नाही, तुम्हीही ठेवू नका." मी हे चांगल्या शब्दांत म्हटले. आवाज चढवला नाही. हात जोडले आणि उतरलो.

ते तिथेच पायरीवर बसले, भर उन्हात, लोक बाजूने उतरत असताना. मी फाटकापर्यंत आलो तेव्हा शांता बरोबर नव्हती. वळून पाहिले. ती परत गेली होती आणि एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून बसली होती. मंजिरी जवळ उभी. नानासाहेब बोलत होते. शांताने पदर तोंडात धरला होता. पण ती उठली नाही. मग पाहिले तर तिने त्यांचा हात धरला होता, की त्यांनी तिचा, लांबून कळले नाही.

मी एकटा घरी आलो. स्वयंपाक सकाळीच झालेला होता, तो झाकून ठेवला आहे. दुपार उलटली. दोघी अजून आल्या नाहीत. एवढा वेळ काय बोलत असतील. पैशाचा तर आता काही प्रश्नच उरलेला नाही.